भानगड, कुलधरा, शनिवारवाडा: घरच्यांसोबत ‘झपाटलेली’ ठिकाणं पाहायला जाताना पडणारे प्रश्न

राजस्थानातलं भानगड, जैसलमेरजवळचं कुलधरा आणि पुण्याचा शनिवारवाडा या तिन्ही जागांची नावं भुताच्या गोष्टींमुळे घरोघरी माहीत आहेत. मुलं हट्ट करतात, आजी नको म्हणते आणि गाडी चालवणाऱ्याला वेळेचं गणित जुळवायचं असतं. अशा घरांकडून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. शेवटी दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याबद्दलही थोडं आहे.

तिन्हींपैकी आधी कुठे जावं?

मुलं आठ वर्षांच्या आतली असतील किंवा घरात गुडघेदुखीवालं कुणी असेल, तर शनिवारवाडा. शहराच्या मध्यभागी आहे, दीड तासात पाहून होतो आणि कुणी कंटाळलं तर लगेच बाहेर पडता येतं. चालायची तयारी असेल तर भानगड, कारण तिन्हींमध्ये निसर्ग तिथला सर्वांत देखणा आहे. अरवलीच्या कुशीत, सरिस्का अभयारण्याच्या कडेला ते वसलं आहे, आणि पावसाळा संपता संपता सगळा डोंगर हिरवा असतो. कुलधऱ्यासाठी एवढ्या लांबचा प्रवास करू नका. जैसलमेरची सहल ठरली की त्यातला अर्धा दिवस त्याला द्या.

रात्री जाता येतं का?

नाही. भानगडला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा फलकच आहे: सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी प्रवेश बंद. ‘सरकारनंही भूत मान्य केलं’ म्हणून या फलकाचा फोटो फिरत असतो. प्रत्यक्षात सर्वेक्षणाच्या ताब्यातली बहुतेक स्मारकं सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात उघडी असतात. भानगडला कारणं अधिक ठळक आहेत. बाजूला वाघ-बिबट्यांचं जंगल, आत दिवे नाहीत, वाटेवर सुटे दगड आणि कठडे नसलेली जोती. कुलधराही संध्याकाळी बंद होतं. शनिवारवाडाही संध्याकाळी बंद होतो.

पैसे देऊन रात्री आत सोडतो असं सांगणारं कुणी भेटलं तर त्या वाटेला जाऊ नका. पाय मुरगळला तर अंधारात तुम्हाला उचलून आणायला कुणीही नसतं.

सूर्यास्ताचा अंदाज असा: डिसेंबरात भानगडला साधारण 5.35, जैसलमेरला 5.55 आणि पुण्यात 6 वाजता. जूनमध्ये भानगडला 7.20, जैसलमेरला 7.40 आणि पुण्यात 7.10. रखवालदार शिट्टी वाजवत लोकांना बाहेर काढायला याच्या बरंच आधी सुरुवात करतात, म्हणून सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी आत असायला हवं.

भानगडचा दिवस कसा आखावा?

मुक्काम जयपूरला करा. अंतर 85 किलोमीटरच्या आसपास आहे, पण शेवटचा टप्पा गावांमधून जातो, तेव्हा दोन ते अडीच तास धरा. रेल्वेनं येणाऱ्यांना दौसा स्थानक जवळचं. दिल्लीहून गाडीनं येत असाल तर दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गाचा सोहना ते दौसा हा भाग फेब्रुवारी 2023पासून खुला आहे. त्यामुळे सकाळी निघून दुपारपर्यंत पोहोचता येतं.

आम्ही सुचवतो तो क्रम असा. सकाळी सहाला जयपूर सोडा. साडेआठला भानगड, साडेअकरापर्यंत फिरणं, मग तासाभराच्या अंतरावरचं आभानेरी. तिथली चाँद बावडी सुमारे 3500 पायऱ्यांची आणि 13 मजली खोल आहे. शेजारीच हर्षत माता मंदिर. बावडीच्या पायऱ्या उतरायला मनाई आहे, कठड्यापाशी उभं राहूनच पाहायचं. त्यामुळे थकलेल्या ज्येष्ठांनाही हे ठिकाण सोपं जातं. चार-पाचपर्यंत जयपूरला परत.

बहुतेक लोक उलटा क्रम लावतात. ‘संध्याकाळी भानगड जास्त थरारक वाटेल’ म्हणून आधी आभानेरी करतात. मग जेवणाला उशीर होतो, भानगडला चार वाजतात, राजवाडा अर्धाच पाहून होतो आणि परतीचा रस्ता अंधारात कापावा लागतो. सकाळचं ऊन मंदिरांच्या कोरीवकामावर तिरपं पडतं, ते पाहण्यासारखं असतं.

भानगडमध्ये नेमकं काय पाहायचं? फार चढ आहे का?

हनुमान दरवाजातून आत गेल्यावर सरळ बाजारपेठेची वाट लागते. दोन्ही बाजूंना छप्पर नसलेल्या दुकानांच्या रांगा आहेत, त्याला जौहरी बाजार म्हणतात. नाचणाऱ्यांची हवेलीही इथंच दाखवतात. इथपर्यंत वाट सपाट आहे.

पुढे उजव्या हाताला उंच चौथऱ्यावर गोपीनाथ मंदिर. चौथरा सुमारे 14 फूट उंच आहे. पायऱ्या आहेत, पण आधाराला कठडा नाही. सोमेश्वर मंदिराजवळ झऱ्याच्या पाण्याचं कुंड आहे. तिथे शेवाळ असतं आणि मुलं धावत नेमकी तिकडेच जातात, तेव्हा एका मोठ्यानं आधीच पुढे उभं राहावं. केवड्याची बनं आणि मोठे वडही याच भागात आहेत.

खरा चढ सुरू होतो तो राजवाड्याकडे. तुटक्या फरसबंदीची वाट वर जाते. माथ्यावरून संपूर्ण उजाड शहराचा आराखडा दिसतो: बाजार, वस्ती, मंदिरं आणि त्यांना वेढणारी तटबंदी. रमतगमत जाऊन-येऊन अडीच ते तीन तास लागतात. ज्यांना चढ झेपत नाही त्यांना मंदिराच्या हिरवळीवर बसवून बाकीच्यांनी वर जावं. मात्र मोबाइलचं नेटवर्क मध्येच जातं, म्हणून ‘साडेदहाला याच झाडाखाली’ असं आधी ठरवून घ्या.

भानगडच्या शापाची गोष्ट खरी किती?

दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिलीत बाळूनाथ नावाचा साधू आहे. माझ्या तपाच्या जागेवर राजवाड्याची सावली पडली तर शहर उजाड होईल, असं त्यानं बजावलं होतं. पुढच्या पिढीनं मजले चढवले आणि सावली पडली. दुसरीत सिंघिया नावाचा तांत्रिक राणी रत्नावतीवर भाळतो. तिच्यासाठी घेतलेल्या सुगंधी तेलावर मंत्र टाकतो. ती ओळखते, तेल शिळेवर ओतते, शिळा घरंगळत जाऊन त्यालाच चिरडते आणि मरता मरता तो शाप देतो.

इतिहास वेगळा आहे आणि तोही मुलांना आवडतो. अंबरचे राजे भगवंतदास यांनी 1573मध्ये हे नगर आपला धाकटा मुलगा माधोसिंह याच्यासाठी वसवलं. माधोसिंह म्हणजे अकबराचे सेनापती मानसिंह यांचा भाऊ. पुढे सत्तेचं केंद्र दुसरीकडे गेलं, 1720मध्ये सवाई जयसिंहानं भानगड आपल्या राज्यात जोडून घेतलं, आणि 1783च्या भीषण दुष्काळानंतर उरलीसुरली वस्तीही उठली, असं मानलं जातं. सत्ता गेली, व्यापार गेला, पाणी आटलं की अशी शहरं रिकामी होतात.

घरांवर छप्परं टिकत नाहीत, असं गाईड हमखास सांगतात. रिकाम्या घराचं छत आधी पडतं, कारण दुरुस्ती थांबली की पावसाचं पाणी सांध्यात मुरतं आणि आडवे दगड सुटतात. मंदिरांची शिखरं मात्र शाबूत आहेत. त्यांचं बांधकाम मुळातच भक्कम, आणि देवळाचे दगड काढून नेण्याची हिंमतही सहसा कुणी करत नाही.

कुलधरा एका रात्रीत खरंच ओस पडलं का?

लोककथा तशी आहे. जैसलमेरचा दिवाण सालिमसिंह याची नजर गावातल्या मुलीवर पडली. त्याच्या हाती तिला देण्यापेक्षा पालीवाल ब्राह्मणांच्या 84 गावांनी एकाच रात्री घरं सोडली आणि ‘इथे पुन्हा कुणी वसणार नाही’ असा शाप देऊन ते निघून गेले.

अभ्यासकांचं म्हणणं असं की गाव हळूहळू रिकामं झालं आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ओसरत गेलं. आटत गेलेलं पाणी आणि जाचक करवसुली ही त्याची मुख्य कारणं. 2017मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात भिंती आणि छतं ज्या पद्धतीनं कोसळली आहेत त्यावरून भूकंपाची शक्यताही मांडली गेली. सालिमसिंह हा खरा माणूस. जैसलमेर शहरात त्याची हवेली आजही उभी आहे. सकाळी ती हवेली पाहून दुपारनंतर कुलधऱ्याला गेलात तर मुलांच्या डोक्यात दोन्ही जागा जोडल्या जातात.

कुलधऱ्याला भुताखेरीज पाहण्यासारखं काय?

आमच्या मते भुताची गोष्ट हा तिथला सर्वांत कमी रोचक भाग आहे. पालीवालांनी वाळवंटात गहू पिकवला. त्यासाठी त्यांनी खडीन बांधले: उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी अडवायला खोलगट जमिनीच्या कडेला लांबच लांब मातीचा बांध घालायचा, पाणी तिथंच मुरू द्यायचं, आणि त्या ओलाव्यावर रब्बीचं पीक घ्यायचं. वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या मुलखात हे त्यांनी शतकानुशतकं चालवलं. जैसलमेर भागात काही खडीन आजही वापरात आहेत. गाडीवाल्याला सांगितलं तर तो वाटेत दाखवू शकतो.

गावात 410 इमारतींचे अवशेष आहेत. रस्ते सरळ आणि समांतर, मधोमध देऊळ. एक-दोन घरं पूर्वीसारखी उभी केली आहेत, त्यांच्या गच्चीवरून गावाची मांडणी उत्तम दिसते. बाकीच्या भिंतींवर मात्र पाय ठेवू नका. दगड नुसते एकमेकांवर रचलेले आहेत, फोटोसाठी वर चढलं की वरचा थर सरकतो.

जैसलमेरपासून अंतर 18 किलोमीटर, अर्ध्या-पाऊण तासाचं. दुपारी साडेतीनला पोहोचा, तासाभरात गाव पाहून होतं. वेळ उरला तर पुढे खाभा किल्ला.

शनिवारवाड्यात आत काहीच नाही म्हणतात. मग मुलांना काय दाखवायचं?

वाडा जळाला आहे हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुलं महाल शोधत बसतात. 27 फेब्रुवारी 1828ला लागलेल्या आगीत लाकडी इमारती गेल्या. उरली तटबंदी, बुरूज, दरवाजे आणि जोती. पायाभरणी 10 जानेवारी 1730 आणि वास्तुशांत 22 जानेवारी 1732, दोन्ही शनिवारी.

पाहायचे ते दरवाजे. पाच आहेत: दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि नारायण. दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या मस्तकाच्या उंचीवर आहेत, कारण हत्तीकडून धडक देऊन दरवाजा फोडण्याची पद्धत होती. दाराला लागून असलेली छोटी दिंडी वाकूनच ओलांडावी लागते. शत्रू एकेक करून आणि मान खाली घालूनच आत यावा, ही त्यामागची योजना. मुलांना हे करून पाहायला फार आवडतं. वर नगारखान्यात जायचा जिना अरुंद आहे आणि पायऱ्या उंच आहेत. उतरताना ज्येष्ठांच्या पुढे एका माणसानं चालावं, मागे नव्हे.

गाडी आणू नका. पार्किंगच्या शोधात अर्धा तास जातो. मेट्रोनं कसबा पेठ स्थानकावर उतरून चालत या.

‘काका, मला वाचवा’ ही गोष्ट लहान मुलांना सांगावी का?

ही घटना खरी आहे, म्हणूनच सांगताना अधिक जपायला हवं. 30 ऑगस्ट 1773ला, गणेशोत्सवाच्या दिवसांत, गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा याच वाड्यात खून केला. वय अठरा. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी काका रघुनाथरावांना दोषी ठरवलं. आनंदीबाईंनी पत्रात ‘ध’चा ‘मा’ केला हा भाग परंपरेनं चालत आलेला, आणि पौर्णिमेला हाक ऐकू येते हा त्यावर लोकांनी चढवलेला साज.

सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘राज्यासाठी घरात भांडण झालं आणि तरुण पेशव्यांना मारलं’ एवढं पुरे. त्याहून मोठ्यांना रामशास्त्री सांगा. सत्तेवर बसलेल्या माणसाला तोंडावर दोषी म्हणणारा न्यायाधीश याच शहरात होऊन गेला, हे भुताच्या हाकेपेक्षा कितीतरी मोठं आहे.

भानगड-कुलधऱ्यासाठीही हाच क्रम ठेवा. जागेवर असताना आधी इतिहास, दंतकथा परतीच्या गाडीत. झोपायच्या वेळी यातलं काहीच नको.

घरातलं कुणी खरोखर घाबरत असेल तर?

त्यांना ओढून नेऊ नका आणि चेष्टा तर अजिबात नको. मागून येऊन दचकवणं, कोपऱ्यात लपून आवाज काढणं यानं घाबरलेलं माणूस पळतं आणि कठडा नसलेल्या चौथऱ्यावरून पडतं. ज्यांची श्रद्धा आहे त्यांना गोपीनाथाचं दर्शन घेऊ द्या, नामस्मरण करू द्या. वाद घालून कुणाची भीती जात नाही. बाहेर बसून राहायचं असेल तर सोबत एक जण थांबवा.

पण तिथे गेल्यावर खरंच विचित्र वाटतं. ते का?

बऱ्याचदा वटवाघळं. बंद दालनात त्यांच्या विष्ठेचा उग्र, नाकात झोंबणारा वास कोंडतो, डोकं जड होतं आणि वरून फडफड ऐकू येते. अशा दालनात नाकातोंडाला रुमाल न बांधता जाऊ नका. लहान मुलांना तर नेऊच नका, ती धूळ फुप्फुसाला बाधते.

दुसरं कारण डोळे. लख्ख उन्हातून अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तोवर मेंदू अर्धवट दिसणाऱ्या आकारांमध्ये चेहरे जोडत राहतो. झरोक्यांतून घुसणारा वारा शीळ घालतो, आणि दिवसभर तापलेला दगड संध्याकाळी उष्णता सोडतो, त्यामुळे एका पावलावर गार तर पुढच्यावर उबदार झुळूक लागते. यात भर म्हणजे कमी पाणी पिणं. उन्हात दोन तास चालून चक्कर, धडधड, मळमळ सुरू झाली की माणूस ‘काहीतरी आहे इथे’ म्हणतो. सावलीत बसवा, ओआरएसचं पाणी घोटाघोटानं द्या. बहुतेक वेळा अर्ध्या तासात बरं वाटतं. घाम थांबला, अंग तापलं आणि बोलणं असंबद्ध झालं, तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतत, वारा घालत थेट रुग्णालय गाठा.

फोटोत पांढरे गोळे किंवा पारदर्शक माणूस आला. काय समजायचं?

गोळे म्हणजे लेन्सच्या अगदी जवळ तरंगणारी धूळ. मोबाइलचा फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, त्याचा उजेड कणावरून परततो आणि कण फोकसच्या बाहेर असल्यानं गोल पसरतो. फ्लॅश बंद करा, लेन्स पुसा, त्याच जागी पुन्हा काढा. गोळे गेलेले असतात. पारदर्शक माणूस येतो तो नाइट मोडमुळे. शटर एक-दोन सेकंद उघडं राहतं, तेवढ्यात कुणी चालत गेलं की त्याची पुसट छाया उरते.

सोबत काय घ्यावं?

भानगड-कुलधऱ्यासाठी माणशी तीन लिटर पाणी, ओआरएसच्या चार पुड्या, टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे, घोटा झाकणारे बूट. चपला-सँडल नकोत. एक टॉर्च, भरलेली पॉवर बँक, बँडेज, अँटिसेप्टिक आणि नेहमीची औषधं. सुटे पैसेही ठेवा, नेटवर्क नसलं तर मोबाइलवरून पैसे जात नाहीत. अत्तर किंवा वासाचा स्प्रे मारू नका. पडक्या कमानींखाली आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासानं ती बिथरतात. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, चेहरा झाका आणि एका दिशेनं लांब पळा. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम. एप्रिल ते जून लहानांना आणि ज्येष्ठांना घेऊन राजस्थानातले हे उघडे अवशेष टाळावेत.

माकडं आणि साप यांचं काय?

भानगडला वानर आणि लाल तोंडाची माकडं दोन्ही आहेत. हातात पिशवी, खाऊ, पाण्याची बाटली दिसली की झडप घालतात. सगळं पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवा. माकडाकडे रोखून पाहू नका आणि हसून दात दाखवू नका, ते त्याला आव्हान वाटतं. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

कुलधऱ्याच्या दगडांत फुरसं आणि विंचू असतात. फटीत हात घालू नका, बसण्याआधी दगड काठीनं ठोका. साप चावल्यास कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करू नका. अंगठी-बांगड्या काढा, तो अवयव हलू न देता माणसाला आडवं करा, 108ला फोन करा आणि सापाच्या विषावरचं औषध (अँटिव्हेनम) असलेल्या रुग्णालयात न्या. साप पकडायच्या नादात वेळ घालवू नका.

तिकीट, कॅमेरा, ड्रोनचे नियम?

पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांना 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. मोबाइलवर फोटो काढायला हरकत नसते. तिपाई लावायला आणि ड्रोन उडवायला आधी परवानगी लागते. भिंतीवर नाव कोरणं हा गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलांना हे गाडीतच सांगा. आत खाऊ नका, डबा बाहेर पडल्यावर उघडा.

गाईड घ्यावा का?

भानगडला जरूर. मात्र ठरवतानाच ‘गोपीनाथ, सोमेश्वर, बाजार आणि राजवाडा’ अशी यादी सांगा आणि पैसे आधी बोलून घ्या. नाहीतर अर्धा तास फक्त तांत्रिक आणि राणी ऐकायला मिळते. कुलधऱ्याला गाईड नसला तरी चालतं.

दिल्लीचं फिरोजशाह कोटलाही यात बसतं का?

बसतं, पण तिथे वेगळ्या मनानं जा. फिरोजशाह तुघलकानं 1354मध्ये वसवलेल्या नगराचे हे अवशेष. त्यावर हरियाणातल्या टोपऱ्याहून आणलेला अशोकस्तंभ उभा आहे. गुरुवारी लोक इथे जिनांच्या (न दिसणाऱ्या शक्तींच्या) नावानं अर्ज लिहून आणतात: आजारपण, हरवलेली माणसं, कोर्टकचेऱ्या. त्या लोकांसाठी ही इबादतीची जागा आहे. भिंतीवरचे कागद वाचू नका, प्रार्थना करणाऱ्यांचे फोटो काढू नका, दिवे-अगरबत्त्या ओलांडू नका. फक्त स्तंभ आणि बारव पाहायची असेल तर गुरुवार सोडून सकाळी जा.